उजव्या हातातला चुडा

मी आयुष्यात एकच नाटक लिहिले. त्याची वही पुढे वाळवीने खाल्ली. वाळवीला तरी ते आवडले असावे, असे मी कधीकधी मनाशी म्हणतो. त्या नाटकाविषयी लिहायला दुसरे कोणी असते तर बरे झाले असते, कारण त्यात जे काही चांगले होते ते माझे नव्हते. पण प्रयोगाच्या दिवशीची माणसे एकेक करून गेली, आणि आता आठवणारा मीच उरलो आहे. तेव्हा जसे आठवते तसे लिहितो.

एकोणीसशे छपन्न साल, माघ महिना. मी थळच्या शाळेत मास्तर होतो. मूळचा चौलचा, वाडीतल्या सावलीत वाढलेला. समुद्र जवळ असूनही त्याच्याशी माझी ओळख पुस्तकातली. थळला आलो तेव्हा एक ट्रंकभर पुस्तके बरोबर आणली आणि कोळीवाड्यातल्या लोकांशी कसे बोलावे हे न कळून ती पुन्हा पुन्हा वाचीत बसलो.

भागोजी नाखवा दोन होड्यांचे मालक. त्यांना पेटीचा नाद होता. दर वर्षी ते गावातली माणसे जमवून एक संगीत नाटक बसवीत. त्या वर्षी ते शाळेच्या पायरीशी येऊन म्हणाले, "मास्तर, इतकं वाचताव, मंग एक लिवा की."

लाजाळू माणसाला नाही म्हणता येत नाही. मी लिहिले. नाव ठेवले 'संगीत सागरसौभाग्य'. चंद्रसेन नावाचा कोळी होडीवर असा गातो की समुद्राचा राजा त्याला आपल्या दरबारी गवई म्हणून ठेवून घेतो. त्याची बायको सुवर्णमाला वाट पाहत राहते. शेवटच्या अंकात, तो आता येणार नाही हे कळल्यावर, ती किनाऱ्यावर येऊन एक पद गाते. सोळा ओळींचे.

खरे सांगायचे तर नाटक त्या पदासाठीच लिहिले होते. पद मी थळला येण्याआधीच रचले होते. कोणासाठी, ते मी कधी कोणाला सांगितले नाही. त्या सोळा कडवट ओळी दोन वर्षे माझ्या ट्रंकेत पडून होत्या, आणि निदान एकदा त्या मोठ्या आवाजात, माणसांसमोर, दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकाव्यात एवढीच माझी इच्छा होती. बाकीचे चार अंक म्हणजे त्या ओळींपर्यंत जाण्याचा रस्ता होता.

सुवर्णमालेचे काम शिवदासकडे आले. गावात त्याच्याइतका गोड गळा दुसरा नव्हता. मनगटे मात्र वल्ही मारून मारून सुपारीच्या बुंध्यासारखी झालेली. मी अलिबागेहून हिरव्या काचेच्या बांगड्या आणल्या, दुकानात होत्या त्यांतल्या सर्वांत मोठ्या. हाताला खोबरेल चोळून त्या चढवायला अर्धा तास गेला. दोन्ही हात भरले. शिवदास हात वर करून म्हणाला, "मास्तर, आता मला मिशी न्हाय आन् हात बी माजे न्हायत. जेवायचं कसं ते सांगा."

पहिल्या अंकाची तालीम भागोजींच्या खळ्यात होती, जिथे एरवी मासळी सुकत असे. बायका कुंपणाशी बघायला उभ्या होत्या. शिवदासने प्रवेश केला, पदर सावरला. बायका आधी हसल्या. मग त्याने दोन्ही हात जोडून नमस्कार केला आणि त्यांचे हसणे एकदम थांबले. येसूबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई होत्या, त्या उठून तोंड फिरवून घरी निघून गेल्या. त्यांच्यामागे बाकीच्याही पांगल्या.

माझी खात्री झाली की संवाद वाईट आहेत. मी वही मिटली, भागोजींना सांगितले की डोके दुखते, आणि खोलीवर जाऊन राजीनामा कसा लिहावा याचा विचार करीत पडलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी केसर आली. मी तिला लांबून पाहिले होते. ती होड्यांची शिडे शिवायची, फाटलेली जाळी विणायची. तिशीची असेल. दोन्ही हात बांगड्यांवाचून. उंबऱ्याबाहेर बसली आणि म्हणाली, "मास्तर, कालचं काय बोलू का?"

"बोला."

"आमच्यात लग्नाच्या येळी नवरी उजव्या हातातला चुडा दर्याला देते. हा घे, आन् माज्या माणसाला संभाळ, असं. म्हनून आमच्या बायकांच्या डाव्याच हातात बांगड्या असतात. तुमी न्हाय पायलं कधी?"

मी दोन वर्षे त्या गावात राहत होतो. रोज त्या बायकांच्या हातून मासळी घेत होतो. मी पाहिले नव्हते. मी मान खाली घातली.

"तुमची ती बाई पयल्याच अंकात दोनी हात भरून आली," केसर म्हणाली. "म्हंजे तिनं दर्याला काय दिलंच न्हाय. नायतर दर्यानं घेतलं न्हाय. येसूबाईचे दोन लेक होडीवर हायत. ती कशी बसल?"

मी म्हणालो की मी नाटक मागे घेतो.

"मागं कशाला? मला वाचून दावा. कापडं मी करते."

तिला वाचता येत नव्हते. पुढचे आठ दिवस शाळा सुटल्यावर मी तिच्या अंगणात बसून नाटक वाचले आणि ती जाळे विणत ऐकत राहिली. मधेच हात थांबवून विचारायची. "चंद्रसेन? असा कोन कोळी हाय? रेवसला तरी हाय का?" मी म्हणायचो, नाटकात असते तसे. "बरं, असू दे," ती म्हणायची आणि पुन्हा विणायला लागायची.

शेवटच्या अंकाशी आलो तेव्हा मी पानावर बोट ठेवून थांबलो. मी म्हणालो, "इथे ती पद गाते."

"काय गाते?"

"दुःख."

"किती?"

"सोळा ओळी."

ती हसली नाही. मीही पद वाचले नाही, पान उलटले. स्वतःच्या तोंडाने त्या ओळी वाचण्याचे धैर्य मला नव्हते. म्हणून तर शिवदासचा गळा हवा होता.

मला वाटत होते, कपडे मुंबईहून आणावेत, मखमली अंगरखे, जरीचा मुकुट. केसरने जुने शीड उसवले. जाळी टिकावीत म्हणून कोळी ती झाडाच्या सालीच्या काढ्यात उकळतात, त्याच काढ्यात तिने शिडाचे कापड बुडवले. ते ओल्या खडकासारखे तांबूसकाळे झाले. त्याचा तिने समुद्रराजाचा पायघोळ झगा केला आणि खालच्या काठात जाळ्याला लावायचे शिशाचे मणी शिवून टाकले. तो झगा घालून राजाचे काम करणारा काळूराम चालू लागला की कापड त्याच्यामागून उशिरा यायचे, सावकाश, ओहोटीच्या पाण्यासारखे. काळूराम एरवी तुरुतुरु चालणारा माणूस. त्या झग्यात त्याला घाई करताच येईना. बोलणेही आपोआप संथ झाले. मी तीन आठवडे त्याला सांगत होतो, राजा सावकाश बोलतो; ते मण्यांनी एका दुपारी केले.

चंद्रसेनासाठी तिने काहीच नवे शिवले नाही. साधी बंडी, रुमाल. फक्त दुसऱ्या अंकात खांद्यावर जाळ्याचा वीतभर तुकडा. तिसऱ्या अंकात तो कमरेपर्यंत आला. चौथ्यात पायांपर्यंत. माझ्या नाटकात चंद्रसेन कैदी झाल्याचे दीड पानाचे भाषण होते. ते मी आपण होऊन काढले. काढताना वाईट वाटले नाही, हे विशेष. भाषणे मला अशीही आवडत नसत.

रंगवलेले कपडे ती बोंबील सुकवायच्या बांबूंवर वाळत घालायची. संध्याकाळी वाऱ्याने बाह्या फुगत, झगा वळत असे, आणि त्या ओळीकडे पाहताना वाटे, नाटक सुरू झाले आहे, फक्त माणसे अजून आलेली नाहीत. मी तिथे उभा राहून किती वेळ घालवला असेल, सांगता येत नाही. मागे समुद्रातल्या उंदेरी किल्ल्याचा काळा तट आणि त्याच्यापुढे हे रिकामे राजे, रिकाम्या राण्या, हळूहळू हात हलवणाऱ्या. मला आता कधीकधी स्वप्नात दिसते ते हेच. प्रयोग दिसत नाही.

दुसरी चूकही माझीच. रंगवलेला पडदा नव्हता, म्हणून मी भागोजींना सुचवले होते की मंच असा बांधू की मागे खरा समुद्र दिसेल. होड्यांच्या फळ्या टाकून मंच उभाही राहिला. प्रयोग दुपारी उशिरा सुरू होऊन सूर्यास्ताच्या सुमारास संपायचा होता. अष्टमीचे दिवस, कोळी ज्याला भांग म्हणतात, भरती-ओहोटीला जोर नाही, होड्या पुळणीवर ओढलेल्या. त्या दिवसांत माणसे मोकळी असतात. केसर मंचासमोर उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून मावळतीकडे पाहिले.

"शेवटच्या अंकाला सूर्य हितं असल, बरोबर मागं," ती म्हणाली. "मानसं काळी दिसतील. तोंड दिसायचं न्हाय, रंग दिसायचा न्हाय."

मी म्हणालो, मंच फिरवू या. भागोजी म्हणाले, "आता? फळ्या ठोकल्यात, मास्तर. सूर्यालाच सांगा जरा बाजूला व्हायला."

केसर बराच वेळ तिथेच उभी होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "काळी दिसली तरी काच दिसल. काचंतून उजेड येतो."

त्या दिवशी तिने मला सांगितले की शेवटच्या प्रवेशात सुवर्णमालेचा डावा हात रिकामा असेल आणि उजवा भरलेला.

मला कळायला क्षण लागला. दर्याला दिलेला चुडा दर्याने परत केला. करार मोडला.

"असे कधी होते का?" मी विचारले.

"कधीच न्हाय." ती फळीवरची वाळू हाताने झाडत होती. "आमचं मानूस गेलं त्याला दोन वर्सं झाली. डावा हात मी फोडला. उजव्याचं काय? ते अजून त्याच्याकडंच हाय. मानूस बी ठेवलं आन् चुडा बी ठेवला. घेतलं तर एक तरी परत द्यायचं. नाटकात तरी देऊ दे."

फळी झाडून झाल्यावर ती म्हणाली, "मास्तर, एक सांगू? जिच्या हातात असा चुडा परत आला ती गानार न्हाय."

मी म्हणालो, बांगड्या राहू द्या, पण पदही राहील. आयुष्यात इतक्या ठामपणे मी क्वचितच काही बोललो असेन.

"राहू दे," ती म्हणाली. "तुमचं नाटक हाय."

प्रयोगाच्या दिवशी सगळा कोळीवाडा वाळूवर बसला होता. किहीमहूनही माणसे आली. मी उजव्या विंगेत वही घेऊन बसलो. पदांची सूचना देणे हे माझे काम. मी हात वर केला की भागोजी पेटीवर सूर धरणार. काळूराम झग्यातून संथ वाहत आला तेव्हा बायकांनी मुले जवळ घेतली. चंद्रसेनाच्या अंगावरचे जाळे वाढलेले पाहून कोणीतरी मागून म्हणाले, "आता हा गेला," आणि पुढच्या म्हाताऱ्याने त्याला गप्प केले. पहिल्या अंकात शिवदासच्या एकाच हातात बांगड्या होत्या. मी येसूबाईंकडे पाहिले. त्या पहिल्या रांगेत मांडी घालून बसल्या होत्या, पान जुळवीत.

शेवटच्या अंकापर्यंत सूर्य खाली आला. केसरने विंगेत शिवदासच्या डाव्या हातातल्या बांगड्या उतरवल्या, उजव्यावर तेल चोळले आणि बांगड्या चढवल्या. तो कळवळला तेव्हा म्हणाली, "बाईचं सोंग घेतलंस ना, मंग सोस." तो गेल्यावर ती विंगेत थांबली नाही. मागच्या बाजूने फिरून प्रेक्षकांत गेली.

शिवदास मंचाच्या मधोमध आला आणि पाठीमागून उजेड त्याच्यावर कोसळला. तोंड दिसेना. लुगड्याचा रंग दिसेना. एक काळी, बाईच्या आकाराची सावली तेवढी उभी होती. मग तिने डावा हात पुढे केला. रिकामा. उजवा हात हळूहळू वर आला. त्या सबंध काळ्या आकृतीत फक्त मनगटाभोवतीची काच हिरवी पेटली, पाण्याखालून वर पाहावे तशी.

कोणी ओरडले नाही. एक लहान मूल काहीतरी विचारू लागले, त्याच्या आईने त्याचे तोंड छातीशी धरले. येसूबाईंच्या हातातले पान तसेच राहिले. दोनशे माणसे होती, पण ऐकू येत होते ते फक्त पाणी, अगदी हलके, भांगाच्या दिवसांत असते तसे. मला वाटले, सगळे गाव श्वास धरून समुद्राच्या तळाशी बसले आहे आणि वरून उजेड झिरपतो आहे.

भागोजी माझ्याकडे पाहत होते. त्यांची बोटे पट्ट्यांवर ठेवलेली. शिवदासनेही मान किंचित वळवली. आता मी हात वर करायचा होता.

माझ्या मांडीवर वही होती, पद माझ्यासमोर होते. दोन वर्षे ज्याची वाट पाहिली ते एका हाताच्या अंतरावर होते. मी प्रेक्षकांकडे पाहिले. सर्वांच्या मागे केसर उभी होती. ती त्या हाताकडे बघत होती, आणि तिचा स्वतःचा उजवा हात तिने डाव्या हातात घट्ट धरला होता.

मी वही मिटली आणि भागोजींकडे पाहून मान हलवली. नको.

त्यांना पटले नाही. त्यांनी भुवया उंचावल्या. मी पुन्हा मान हलवली. शिवदास तसाच उभा राहिला, हात वर, सूर्य पाण्याला टेकेपर्यंत. मग काच विझली, आणि लोक उठू लागले, न बोलता, एकमेकांना हात देत.

भागोजी दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शाळेत आले आणि म्हणाले, "मास्तर, नाटक चांगलं झालं. पन माजी चाल पान्यात गेली. तीन आठवडे बसवली होती." मी क्षमा मागितली. जाताना ते चाल गुणगुणत गेले, शब्द सोडून.

मी दिवसभर मुलांना पाढे सांगितले आणि संध्याकाळी खोलीवर बसलो. हात वर केला असता तर काय झाले असते, हे मी त्या आठवड्यात शंभरदा मनात करून पाहिले. कधी शिवदास गातो आणि लोक रडतात. कधी गातो आणि येसूबाई पान खाऊ लागतात. दुसरेच जास्त खरे वाटे. तरीही त्या ओळी कोणी ऐकल्या नाहीत, याची टोचणी जाईना. योग्य केले म्हणून माणसाला बरे वाटतेच असे नाही.

रविवारी मी केसरकडे गेलो. निमित्त तिच्याकडे राहिलेल्या कपड्यांचे. तिने शिवदासच्या बांगड्या एका फडक्यात बांधून ठेवल्या होत्या, त्या मी शाळेत नेऊन ठेवाव्यात म्हणाली. झगा उसवून त्याचे पुन्हा शीड करायला घेतले होते, शिशाचे मणी परडीत काढलेले. मी थोडा वेळ बसलो. उठावे की बसावे, कळत नव्हते.

"त्या दिवशी गायलं न्हाय ते," ती म्हणाली, "ते हाय का तुमच्याकडं?"

वही माझ्या पिशवीत होती. मी ती आणली होती, हे कबूल केले पाहिजे.

"वाचा की."

"चाल नाही येत मला."

"चाल कुनी मागितली?"

मी वाचू लागलो. माझा आवाज बारीक. 'निळ्या जळाच्या निळ्या महाली कुठे हरपला दीप', तिथपासून खाली सोळा ओळी. शिडावर ऊन होते. पलीकडे कोणाची तरी कोंबडी वाळूत उकरत होती. मी मान वर केली नाही. शेवटची ओळ संपली.

ती शिवत होती. "हे त्या सुवर्णमालेचं न्हाय वाटत," ती म्हणाली.

"नाही."

कोणाचे, असे तिने विचारले नाही. दोरा दाताने तोडला, गाठ मारली, शीड मांडीवर फिरवून घेतले.

"परत वाचा, मास्तर. मधी मी सुई ओवत होते, थोडं राहून गेलं."

मी पान मागे उलटले आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचू लागलो, या खेपेस जरा मोठ्याने.